वाट्यातून सुटलेला

सकाळच्या हजेरीला नदीवरून आलेले धुके इतके दाट होते की शतनायकाच्या शिरस्त्राणावरचा तुरा तेवढा दिसत होता. खालचा शतनायक दिसत नव्हता. त्या धुक्यातून नाईकाचा आवाज आला, "सूरा. यंत्रशाळेत तांतकाम. आजपासून इम्मूनिस." एवढे उच्चारून तो पुढच्या नावाकडे वळला.

रांगेत सूराच्या शेजारी उभ्या असलेल्या दासियसने क्षणभर डोळे मिटले. जो शब्द ऐकण्यासाठी त्याने सबंध उन्हाळा वाट पाहिली होती, तो असा एका दमात येऊन गेला. पण आला, हे महत्त्वाचे. त्याने खोकला दाबून धरला आणि कोपराने सूराला हळूच ढोसले. सूरा हसला. त्या हसण्यात तेव्हा तरी काही खोट नव्हती, असेच दासियसला पुढे कितीही वेळा आठवून पाहिले तरी वाटत राहिले.

इम्मूनिस हा रोमन पलटणीतला सर्वांत हवाहवासा शब्द होता. त्याने वेतन वाढत नसे, मानही फारसा वाढत नसे. पण ज्याच्या हाताला पलटणीच्या उपयोगाची एखादी कला असे, त्याला तो शब्द मिळे. आणि मग खाणीतले दगड, अरण्यातली लाकडे, तटाखालचा खंदक, संडासांची सफाई, रोजचे दळण, यांतले काहीही त्याच्या वाट्याला येत नसे. दासियसला यातल्या बाकी कशाचेच भय नव्हते. त्याला सुटायचे होते ते फक्त खाणीपासून. तिथल्या पांढऱ्या धुळीने त्याच्या छातीत घर केले होते. पलटणीच्या वैद्याने कान लावून ऐकले होते आणि काही न बोलता मध आणि काढा दिला होता. वैद्य बोलला नाही, यावरूनच दासियसला जे समजायचे ते समजले होते. आणखी एक हिवाळा त्या खाणीत काढणे त्याच्याने होणार नव्हते.

त्याच्या हाताला कला होती. बाप डॅन्यूबच्या काठचा कोळी. जाळ्यांच्या दोऱ्या आणि धनुष्यांच्या तांती वळणारा. बैलाच्या टाचेची तांत वाळवावी, लाकडी हातोडीने ठेचावी, केसांसारखी विंचरावी, आणि मग एकेका तंतूला सारखाच ताण बसेल अशा हाताने तिला पीळ द्यावा, हे सारे दासियस बोलायला शिकण्याबरोबरच शिकला होता. पलटणीच्या बाणयंत्रांना जो जोर येतो तो लाकडाचा नव्हे, या पिळाचाच. पण हे काम बोटांच्या टोकांनी पाहायचे असते, आणि दासियसची बोटे खाणीने घालवली होती. त्यांना भेगा पडल्या होत्या, त्यांवर कातडे दगडासारखे झाले होते. तंतू त्या हातांत अडकत आणि तुटत.

म्हणून उन्हाळ्याच्या आरंभी, एका खोलीत राहणाऱ्या, एका जात्यावर दळणाऱ्या आणि एका भांड्यात जेवणाऱ्या त्या आठ जणांनी मिळून एक बेत केला होता. सूरा त्यांच्यात सर्वांत तरुण; हात मऊ, नजर चलाख. दासियसने त्याला तांतेचे काम शिकवायचे, आणि त्याचे हात खराब होऊ नयेत म्हणून त्याच्या वाट्याचे दगड, लाकडे, दळण बाकीच्या सात जणांनी वाटून घ्यायचे. तो यंत्रशाळेच्या परीक्षेत उतरला की तिथे मदतनीस म्हणून दासियसला मागून घेईल. महिनाभर दगड सुटला की बोटे पुन्हा मऊ होतील. धूळ सुटली की छातीही कदाचित सुटेल.

"म्हणजे ह्याचे संडास मी घासायचे," कुपितस तेव्हा म्हणाला होता. खोलीतल्या सगळ्या गोष्टींवर बोलायचा मक्ता त्याचाच होता. "आणि हा राजेसाहेबांसारखा बोटांना तूप चोळत बसणार!"

"तूप नाही रे, लोणी," सूरा म्हणाला होता. "आणि तेही तुझ्या भाकरीवरचं."

सगळे हसले होते. मग हसू थांबवून सूराने दासियसचा तो भेगाळलेला हात आपल्या दोन्ही हातांत धरला होता. "दादा, शब्द मिळाला की पहिलं तोंड तुझ्यासाठी उघडीन. आईशप्पथ."

शब्द मिळाला. सूराने आपली वळकटी उचलली आणि तो यंत्रशाळेच्या माळ्यावर राहायला गेला, कारण तांतेला रात्रीची ओल लागू नये म्हणून तिथे कोणीतरी निजावे लागते. जाताना तो म्हणाला, "थोडे दिवस जाऊ देत. नवीन माणसानं आल्या आल्या मागणी केली तर बरं दिसत नाही." ते दासियसला पटले. त्याने थोडे दिवस जाऊ दिले. मग आणखी थोडे जाऊ दिले. द्राक्षे काढून झाली, नदीवरची बदके दक्षिणेकडे गेली, खाणीच्या वाटेवर सकाळी पांढरे दव गोठू लागले. सूरा अधूनमधून तटावर दिसे. लांबून हात करी.

एके दिवशी कत्तलखान्यातून बैलांच्या तांतींची पोती यंत्रशाळेत पोचवण्याचे काम दासियसच्या वाट्याला आले. आत सूरा नव्हता. यंत्रशाळेचा प्रमुख बेल्लिकस एका चौकटीपाशी वाकून उभा होता. दिसायला उग्र, बोलायला मोकळा, असा तो वृद्ध कारागीर. त्याने पोते उघडून वास घेतला, तांत चिमटीत धरून पाहिली.

"बरा माल आहे. तू त्या सूराच्या खोलीतला ना?"

"हो, उस्ताद."

"गुणी पोर आहे. हात काय चालतो त्याचा! मी आपणहून म्हटलं, बाबा, काम वाढलंय, मदतीला एखादा माणूस माग, मी शतनायकाला सांगतो, आजच्या आज मिळेल. तर म्हणाला, नको."

दासियसने पोत्याचे तोंड बांधायला घेतले. त्याला गाठ सापडेना. "नको म्हणाला?"

"म्हणाला, उस्ताद, हे काम येणारा दुसरा कुणी माझ्या माहितीत नाही." बेल्लिकसने मान हलवली. "खरंय. अशी माणसं कुठं मिळतात."

त्या वेळी बोलणे दासियसला शक्य होते. त्याला ती कला मी दिली, असे एक वाक्य पुरे होते. त्याने तोंड उघडले, आणि त्याच वेळी त्याची दृष्टी आपल्या हातांवर गेली. बेल्लिकसचीही गेली असावी.

"काय रे, खाणीत आहेस वाटतं? जपून धर ती तांत. तुझ्या हाताला अडकून तुटेल."

हे हात दाखवून कोणाला काय पटवायचे? या हातांची साक्ष देऊ शकेल असा मनुष्य एकच होता, आणि तो उलटी साक्ष देऊन बसला होता. शिवाय वरिष्ठापुढे खोटे बोलणाऱ्या शिपायाच्या पाठीवर द्राक्षवेलीचा सोटा बसतो, हेही दासियसला माहीत होते. आपण खरे सांगितले तर तो सोटा सूराला बसेल; तशा स्थितीतही सूराची पाठ त्याच्या डोळ्यांपुढे आली. त्याने पोते भिंतीशी टेकवले आणि तो बाहेर पडला.

सूरा त्याला तटाच्या आतल्या हौदापाशी भेटला. तंतू विंचरायच्या फण्या तो धूत होता. दासियसला पाहताच त्याने फण्या पाण्यात तशाच सोडल्या. म्हणजे त्यालाही कळले होते.

"विचारलं होतं ना तुला उस्तादांनी?" दासियस म्हणाला.

"दादा, जरा बस तरी."

"विचारलं होतं ना?"

"विचारलं होतं." सूराने हात अंगरख्याला पुसले. "ऐकून घे. आज उस्ताद माझ्यावर खूश आहेत. उद्या नवा शतनायक येतो, म्हणतो, एका कामाला दोन माणसं कशाला? एकाला धाडा खाणीत. मग कुणाला धाडतील? तुझा हात माझ्यापेक्षा चांगला आहे. हे तुला माहितेय, मला माहितेय. तुझी बोटं बरी झाली की उस्तादांनाही एका दिवसात कळेल. मग मी कुठं जाऊ?"

"म्हणून मी मरायचं?"

"असं काय बोलतोस! तू काय लगेच मरतोस? मी वैद्याशी बोलीन. चांगला मध आणून देईन."

"सूरा, तुझे दगड आम्ही वाहिले."

"मागायला आलो होतो का मी? बेत तुमचा होता." सूराचा आवाज चढला, आणि मग तो आपल्याच आवाजाला दचकल्यासारखा खाली आला. "दादा, मी पण कधी कुणाचा लाडका नव्हतो रे. जन्मभर सगळ्यांचं देणंच लागत आलो. पहिल्यांदा सुटलोय. आता त्या शब्दाचा अर्थच तो आहे ना, मी कुणाचं काही देणं लागत नाही. पलटणीच्या कारकुनाला विचार."

रागावणे दासियसला साधले असते तर बरे झाले असते. पण सूराच्या बोलण्यातला पहिला भाग खरा होता, आणि मनुष्य खरे बोलत असतानाच आपला घात करीत असेल तर त्याच्यावर रागवावे कसे, हे त्याला कोणी शिकवले नव्हते. हौदातल्या फण्या बुडाल्या होत्या. त्याने सवयीने वाकून त्या काढल्या, दात तपासले, सूराच्या हातात दिल्या आणि तो निघाला.

गरुडध्वजाचा, म्हणजे पलटणीच्या निशाणाचा, जन्मदिवस पलटणीत मोठ्या भक्तिभावाने पाळला जातो. सकाळी ध्वजाला तेल आणि फुले वाहतात, बैल बळी देतात. दुपारनंतर ज्याच्या त्याच्या खोलीत जेवण होते. त्या दिवशी खोलीतल्या प्रत्येकाने काही ना काही आणून सामाईक भांड्यात घालावे, अशी चाल आहे. कुपितसने कांदे आणले होते, कुणी वाळलेले मासे, कुणी घेवडा. दासियसने बापाकडून आलेले थोडे मीठ ठेवले. खोलीतला सर्वांत वयस्क वातिया याने आंबलेल्या द्राक्षारसाची एक सुरई आणली होती, आणि तिची स्तुती तो एकटाच करीत होता. वातिया लाटियमच्या डोंगराळ मुलखातला. निवृत्तीला आला होता. सारे त्याला आजोबा म्हणत.

अशा वेळी दार ढकलून सूरा आत आला. त्याच्या खांद्यावर डुकराची खारवलेली आख्खी तंगडी होती. पाहणाऱ्यांच्या तोंडाला पाणी सुटावे अशीच होती ती, आणि पाहणारे खाणीतून आलेले होते.

"सणाला आपल्या घरी येऊ नये की काय?" सूरा म्हणाला. हसण्याचा प्रयत्न त्याने चांगला केला.

झालेले सगळ्यांना यंत्रशाळेतल्या लोकांकडून कळले होते. मग कुपितस म्हणाला, "अरे वा, इम्मूनिस महाराज! आम्हाला वाटलं, गरिबाच्या झोपडीत यायची पण सूट घेतलीत तुम्ही."

"गप रे कुप्या," एकाने दटावले.

"गप का? महाराज म्हणालो, शिवी नाही दिली."

"शिवीच दिलीस," वातिया म्हणाला. तो पेल्यात बोट बुडवून देवाच्या नावाने दोन थेंब जमिनीवर शिंपडत होता. ते झाल्यावर त्याने बोट पुसले. "तुम्हा नदीकाठच्या पोरांना हा शब्द पलटणीत आल्यावर कळला. आमच्या डोंगरात तो पलटणीच्या आधीपासून आहे, आणि तिथं तो शिवीच."

"ती कशी काय, आजोबा?"

"त्यातला मूनुस म्हणजे काय?"

"काम. वाट्याला आलेलं."

"आणि?"

"आहेर," दासियस हळूच म्हणाला.

"काम पण मूनुस, आहेर पण मूनुस. आमच्याकडं दोन्ही वेगळे काढत नाहीत. पेरणी झाली की गावजेवण. एक घर भाकऱ्या आणणार, एक घर चीज आणणार, ज्याच्याकडं काही नाही तो पाणी भरणार, नाहीतर बांध घालणार. सगळंच मूनुस. असा एकमेकांच्या वाट्याला खांदा देतो तो कोमूनिस, म्हणजे आपल्यातला. आणि जो रिकाम्या हातानं येतो, भरल्या पोटानं जातो, तो इम्मूनिस. आमची आई मांजरीला म्हणायची. उंदीर धरायचा नाही, दूध तेवढं हवं. 'ये ग इम्मूनिस, ये' म्हणायची."

कुपितस मोठ्याने हसला. बाकीचेही हसले. सूराचा चेहरा लाल झाला.

"पण मी रिकाम्या हातानं नाही आलो, आजोबा!" त्याने तंगडी खांद्यावरून काढून भांड्याशेजारी ठेवली. "हे काय मग? हा माझा वाटा. दादा, तू सांग ना ह्यांना."

सगळे दासियसकडे पाहू लागले. आतापर्यंत या प्रकरणाबद्दल त्याने स्वतः एक शब्दही काढला नव्हता. वातियाचे बोलणे ऐकताना मात्र मनात अडकलेले काहीतरी हळूहळू सुटत गेले होते. सूराने त्याला फसवले, हे तर होतेच. पण त्याला सलत होते ते निराळेच होते. त्या दिवशी हौदापाशी सूराने एक शब्द पुढे केला आणि उन्हाळाभराचे आठ जणांचे एकत्र जगणे त्या शब्दाखाली झाकून टाकले. आणि तो शब्द ऐकून आपण गप्प बसलो, जणू त्याचे म्हणणे धर्माला धरूनच होते.

"हा वाटा नाही रे," तो म्हणाला. "वाटा सांगितलेला असतो. आम्ही तुला एकच सांगितला होता. तो तू दिला नाहीस. हे न सांगितलेलं आणलंस."

"मग काय करू मी? सांग. करतो."

"आता काय करणार." दासियसला खोकला आला. बराच वेळ आला. तो थांबेपर्यंत कोणी जेवणाला हात लावला नाही. मग तो उठून जात्याकडे जाऊ लागला. दळणाची पाळी त्याची होती, आणि संध्याकाळच्या भाकरीचे पीठ अजून व्हायचे होते.

सूरा त्याच्या आधी जात्याशी पोचला. "तू बस," तो म्हणाला. "आजचं मी दळतो. उद्याचं पण दळीन. रोज येऊन दळीन, दादा. मला कोण अडवणार आहे?" त्याने ओंजळभर गहू घातला, खुंटा धरला आणि तो जोराने दळू लागला. त्याच्या डोळ्यांत पाणी होते. ते ढोंगाचे नव्हते.

दासियस तसाच उभा राहिला. कठोर होण्याचे त्याने ठरवले होते. पण खाली वाकलेल्या त्या मानेकडे पाहून त्याचा निश्चय सैल पडू लागला. हा पोर रोज येईल. जात्याशी बसेल. बोलणे होईल. महिन्याभरात कदाचित हाच उस्तादाला जाऊन सांगेल की मी खोटे बोललो. काही म्हणा, माणूस आहे. त्याने पाऊल पुढे टाकले, सूराच्या पाठीवर हात ठेवावा म्हणून.

दार उघडेच होते. सणाच्या दिवशी नाईक खोल्याखोल्यांतून फिरत असतो, कुठे काय शिजते ते पाहत, एकेक घोट घेत. तो उंबऱ्यात थांबला. त्याने जाते पाहिले, जात्यावर बसलेला सूरा पाहिला, आणि त्याला हसू फुटले.

"हे काय रे! इम्मूनिस आणि जात्यावर? हात मोकळे झालेले दिसतात यंत्रशाळेतून. मग उद्यापासून खाणीला घालतो तुझं नाव. नाहीतरी ह्या खोलीतून एक कमीच येतोय."

तो थट्टा करीत होता, हे सर्वांना कळले. कुपितसला कळले, वातियाला कळले; नाईकाच्या हातात सुरई होती आणि तो पुरता आनंदात होता. पण नाईकाचे वाक्य पुरे होण्याच्या आत सूराचा हात खुंट्यावरून उचलला गेला होता. जाते अर्ध्या फेऱ्यावर थांबले. तो उठून उभा राहिला, दोन्ही हात बाजूला धरून, हजेरीला उभा असल्यासारखा.

"नाही, नाईक. सहज बसलो होतो."

"सहज बसत जाऊ नकोस," नाईक म्हणाला आणि हसत पुढच्या खोलीकडे गेला.

आता पुन्हा बसायला कसलीच आडकाठी नव्हती. सूराने जात्याकडे पाहिले, आपल्या हातांकडे पाहिले. त्याच्या चेहऱ्यावर क्षणभर जे उमटले ते दासियसने नीट पाहिले: ती लाज नव्हती, ती सुटकेची भावना होती.

"येतो दादा," सूरा म्हणाला. "यंत्रशाळेत दिवा लावायचाय."

"ये," दासियस म्हणाला.

तो गेल्यावर कुपितसने ती तंगडी आपल्याकडे ओढली. हळू आवाजात त्याने विचारले, "कापू का? का फेकून देऊ?"

"अन्न कोणी फेकतं का," वातिया म्हणाला, आणि त्याने सुरी हातात घेतली.

"कापा," दासियस म्हणाला. "मला नको."

तो जात्याशी बसला. सूराने दळलेले पीठ भरड होते. घाईने दळलेले होते. दासियसने ते मुठीने गोळा करून पुन्हा जात्याच्या तोंडात घातले आणि खुंटा धरला. त्याच्यामागे माणसे खाऊ लागली होती; आधी संकोचाने, मग भुकेने. त्यांत त्यांचा काही दोष नव्हता. पहाटे त्या सर्वांना त्याच्याबरोबर खाणीत जायचे होते.